साडूपेक्षा दोन दशांश जास्त

३ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. डॉक्टरांनी ब्लड प्रेशर पाहिलं आणि विचारलं, कसला त्रास करून घेता का. मी म्हटलं, छे! मला कसला त्रास? स्वतःचं वर्कशॉप. सव्वीस वर्षं लेथवर. जुन्या चार सिलिंडरच्या गाड्यांना एकाऐवजी दोन कार्बोरेटर बसवायचे तर ते इंजिनला जोडणारं नळ्यांचं मॅनिफोल्ड माझ्यासारखं कोणी करत नाही, हे अख्ख्या क्लबला माहीत आहे. समाधानी माणूस आहे मी. डॉक्टर म्हणाले, तरी मनातलं लिहून काढत जा.

संकल्प तीन. सकाळी चालणे. चहा दोनच कप. साडूचा विचार बंद.

५ फेब्रुवारी

चालणं झालं नाही. गुडघा कुरकुरतोय. चहा पाच.

साडूचा विचार मी आपणहून केलेला नाही. बायकोने मासिक आणून टेबलावर ठेवलं, त्याला मी काय करणार? जुन्या गाड्यांच्या क्लबचं मासिक. कव्हरवर साडू! म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. हातात कॅमशाफ्ट, नुकतंच झालेलं बाळ धरावं तसा धरलेला. खाली काय, तर साठ वर्षांच्या इंजिनांना नवा दम देणारे सर. सर! अहो, चार वर्षांपूर्वीपर्यंत हा मनुष्य विमा कंपनीत फायली सरकवत होता. रिटायरमेंट घेतली, दोन पुस्तकं वाचली, मशीन घेतलं आणि झाला सर. मला सव्वीस वर्षांत कोणी सर म्हटलं नाही. मॅनिफोल्डवाले म्हणतात.

आत पाच फोटो. पाचही त्याचे. सहाव्यात एका इंजिनवर माझं मॅनिफोल्ड आहे, पण त्याच्यावर साडूचं कोपर आलंय.

दुपारी २.४०. भिंगातून पाहिलं. कोपर मुद्दाम ठेवलंय.

९ फेब्रुवारी, रविवार

सासऱ्यांकडे जेवायला. दोन्ही जावई हजर. मी त्यांना मामा म्हणतो, साडूही मामा म्हणतो. माझंच बघून म्हणायला लागला असणार.

मामांनी चाळीस वर्षं इंजिनं खोलली. त्यांची स्वतःची गाडी बिस्किटी रंगाची, दोन दारांची. थोरली मुलगी झाली त्याच आठवड्यात घेतलेली. स्टिअरिंगला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला त्यांना खपत नाही. आज जेवताना म्हणाले, डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय, जूनपासून गाडी चालवायची नाही. म्हणजे मे महिन्यातली क्लबची चढणीची शर्यत ही शेवटची. वय एक्याऐंशी. इंजिनचा कॅमशाफ्ट झिजलाय, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकते. शेवटची चढण तरी ताठ मानेने चढायची म्हणाले.  

साडू हळूच म्हणाला, मी करून देतो कॅम, मामा. हा नेहमी हळूच बोलतो. तीच तर त्याची चाल आहे.

माझ्या तोंडून निघून गेलं की माझा तयार आहे.

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी पाण्याचा पेला उचलला. मामांनी चष्म्याच्या वरून पाहिलं आणि विचारलं, तुम्ही कॅम कधीपासून करायला लागलात? मी म्हटलं, बरीच वर्षं, गाजावाजा न करता. मामांनी भातावर आमटी ओतली. मग म्हणाले, ठीक आहे, या वेळी धाकट्या जावयाचा बसवू.

साडू लगेच म्हणाला, वा, छानच! चेहऱ्यावर जळफळाटाचं नाव नाही. इतका अभिनय माणसाला जमतो तरी कसा!

१० फेब्रुवारी

कॅम तयार नाही. कॅम करायचं मशीनही नाही. पण निर्णय झालाय, म्हणजे अर्धं काम झालंच.

बायकोला कॅमशाफ्ट म्हणजे काय ते समजावून सांगितलं. एक दांडा. त्यावर आठ उंचवटे. दांडा फिरला की उंचवटे एकेक व्हॉल्व्ह उघडतात. चार व्हॉल्व्ह पेट्रोलची हवा आत घ्यायला, चार धूर बाहेर टाकायला. कोणता कधी उघडायचा आणि किती, हे कॅम ठरवतो. इंजिनचा सगळा दम त्यात. ती म्हणाली, मी सहा वर्षांची असल्यापासून बाबांच्या हातात पाने देत आलेय. तरी समजावलं. उजळणी झालेली बरी.

१८ फेब्रुवारी

बंद पडलेल्या एका कारखान्यातून कॅम घासायचं जुनं मशीन आणलं. दारातून जाईना. दार काढलं. मग चौकट काढली. आता मशीन आत आणि चौकट बाहेर.

साडूचा फोन. मशीन लेव्हलला बसवायला येऊ का म्हणे. बघा, बातमी कशी पोचते! म्हटलं, नको, लेव्हल आम्हाला कळते.

मशीन थोडं तिरकं बसलंय. जमीनच तिरकी आहे.

२५ फेब्रुवारी

नुसतं मशीन असून भागत नाही, आकडे लागतात. कुठल्या अंशाला उंचवटा किती चढतो आणि किती उतरतो. पुस्तकात प्रत्येकाचे वेगळे आकडे. विचार केला की अभ्यास म्हणून साडूचा एक कॅम मोजून पाहावा. नक्कल नाही. डॉक्टरसुद्धा दुसऱ्या डॉक्टरचे रिपोर्ट बघतातच की.

स्वतः मागणं शक्य नाही. समोरच्या टायरवाल्याला तयार केलं. त्याने गिऱ्हाईक म्हणून जायचं. मामांच्या इंजिनचं मॉडेल त्याच्याकडून तीनदा पाठ करून घेतलं.

४ मार्च

कॅम मिळाला. टायरवाला म्हणतो, माणूस फार चांगला, चहा पाजला, गाडीला काय त्रास होतो ते विचारलं. हा गडबडला आणि म्हणाला, हवा कमी राहते. साडू हसला म्हणे, पण कॅम दिला. वर अर्धा तास सगळं समजावून सांगितलं. टायरवाला चक्क भारावून आलाय. पुढच्या वेळी दुसरा माणूस पाठवायला हवा.

बरोबर छापील सूचनापत्रक. कोणत्या टोकाकडून पाहायचं, कोणत्या दिशेने फिरवायचं, वगैरे. अख्खं पान! ज्याने उभी हयात लेथवर काढली त्याला फायलीवाला शिकवणार. पत्रक टेबलाच्या डगमगत्या पायाखाली सारलं. टेबल मात्र छान टेकलं.

९ मार्च

मोजणी सुरू. कॅम दोन टोकांमध्ये धरला, एका टोकाला अंशांची तबकडी लावली, उंचवट्यावर उंची दाखवणारा डायल गेज टेकवला. दर दोन अंशांना एक आकडा. आठ उंचवट्यांचे मिळून चौदाशे चाळीस आकडे. तबकडी मागच्या टोकाला लावली, कारण खिडकी त्या बाजूला आहे आणि उजेड चांगला पडतो. अनुभवाने सुचतात या गोष्टी.

बायको आकडे लिहून घ्यायला बसली. तिने विचारलं, तुम्ही मागून बघून मोजताय, पण पुढून बघितलं तर हा उलटा फिरताना नाही का दिसणार? मी म्हटलं, गोल वस्तू आहे, कुठूनही पाहिली तरी गोलच फिरते. तिने पुढचा आकडा लिहिला. हसू दाबत होती असं वाटलं, पण तिला सर्दी आहे.

२१ मार्च

मोजणी संपली. आणि काय सापडलं! सहाव्या उंचवट्यावर एकशे चौदा अंशाला खड्डा. एक शतांश मिलिमीटरचा! हा मासिकाच्या कव्हरवरचा माणूस! वहीत तिथेच लाल शाईने लिहून ठेवलं: हा साडूचा दर्जा. खाली दोन रेघा मारल्या.

फार दिवसांनी चांगली भूक लागली. रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

२ एप्रिल

नुसते तेच आकडे घेतले तर ती नक्कल होईल. माझ्या तत्त्वात बसत नाही. म्हणून प्रत्येक उंचवटा दोन दशांश मिलिमीटर जास्त उंच करायचा. साडूपेक्षा दोन दशांश जास्त. व्हॉल्व्ह तेवढा जास्त उघडेल, इंजिन तेवढा जास्त दम घेईल. आता हे डिझाइन सर्वस्वी माझं.

१४ एप्रिल

पहिला कॅम वाया गेला. मशीन नवीन आहे. म्हणजे जुनं आहे, पण मला नवीन आहे.

१९ एप्रिल

दुसराही गेला. टायरवाला शेजारी उभा राहून बघत होता, त्यामुळे लक्ष विचलित झालं. उद्यापासून वर्कशॉपमध्ये बघ्यांना बंदी.

२० एप्रिल

टायरवाला आलाच नाही. हल्ली साडूकडे जाऊन बसतो असं कळलं. गाडीसुद्धा नाही त्याच्याकडे! अंगाचा नुसता तिळपापड झाला. चहा सात.

६ मे

झाला! तिसरा कॅम झाला! चकचकीत, तोंड दिसतं त्यात. पुढच्या टोकाने मशीनवर धरून, वहीतला एक ते चौदाशे चाळीस, एकेक आकडा तंतोतंत उतरवला.

साडूचा आणि माझा शेजारी शेजारी ठेवून पाहिले. काहीतरी वेगळेपण जाणवतं. नेमकं काय ते सांगता येत नाही, पण माझा एकदम वेगळाच दिसतो. यालाच माणसाची शैली म्हणतात. बायको म्हणाली, हे उंचवटे दुसऱ्या बाजूला झुकल्यासारखे वाटतात. मी म्हटलं, तेच तर.

माझ्या खुणेचा पंच काढला आणि टोकावर ठोकला. गोलातला त्रिकोण. सव्वीस वर्षं मॅनिफोल्डवर ठोकतोय, कॅमवर पहिल्यांदाच. चष्मा दोनदा पुसावा लागला. वय झालं आता.

११ मे

कॅम मामांच्या मिस्त्रीकडे सुपूर्द. त्यांच्याच हाताखाली तयार झालेला म्हातारा माणूस आहे, आता तोच मामांची गाडी बघतो.

साडूचा फोन. म्हणे, बसवण्याआधी माझ्याकडच्या चाचणीच्या इंजिनवर एकदा फिरवून बघायचा का, हवा तर. हवा तर! सोन्यासारखा कॅम याच्या हातात द्यायचा म्हणजे हा मोजून घेणार. लोकांचं काही सांगता येत नाही. ठाम नकार दिला.

१५ मे

आज इंजिन सुरू करायचं होतं. मामा, मी, मिस्त्री. मामा नवीन शर्ट घालून आले होते.

पहिल्या सेल्फला नुसतीच ढेकर. दुसऱ्या सेल्फला कार्बोरेटरमधून ज्वाळा. खोटं नाही, हातभर ज्वाळा! मिस्त्रीची डावी भुवई गेली. तिसऱ्या सेल्फच्या वेळी सायलेन्सरच्या तोंडाशी फडका लटकत होता, तो आत ओढला गेला. मिस्त्रीने तिथे तळहात धरून पाहिला आणि म्हणाला, ही गाडी सायलेन्सरमधून श्वास घेते आणि तोंडाने धूर सोडते. चाळीस वर्षांत असं पाहिलं नाही. कॅम उलटा कापलाय.

 मामा बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. मग शर्टाच्या बाह्या खाली केल्या, बटणं लावली आणि घरात गेले.

सायंकाळी ५. मिस्त्रीच्या वयाचा विचार करता कोणाचीही चूक होऊ शकते. पेट्रोलमध्येही भेसळ असते हल्ली. शिवाय बॅटरी.

सायंकाळी ७. बायको म्हणाली, ताईची पाठ धरलीय, दोन दिवस तिच्याकडे जाते. जाताना आकड्यांची वही कशाला नेली कोण जाणे. विचारलं तर म्हणाली, वाचायला. जा म्हटलं. मलाही जरा एकांत हवाच होता.

१६ मे

शर्यतीला दोन दिवस. शांत डोक्याने विचार केला. वादासाठी धरून चालू की कॅम उलटा आहे. मग तांत्रिकदृष्ट्या तो निर्दोषच आहे, फक्त इंजिन उलट्या दिशेने फिरवायला हवं. तसं केलं तर गाडीला चार रिव्हर्स गिअर मिळतील आणि एक फॉरवर्ड. चढण मागे तोंड करून चढता येईल. मान वळवून चालवावं लागेल इतकंच. मामांना फोन करून सुचवलं. तिकडून फोन ठेवल्याचा आवाज.

नवीन कॅम करायला मला सतरा दिवस लागतात. जुना झिजलेला परत बसवा म्हणून सांगायला हवं. सांगतो. जेवून सांगतो.

माझ्या खुणेचा पंच सापडत नाही. मिस्त्रीने उचलला असणार.

१७ मे

ताप आहे. थर्मामीटर दाखवत नाही, पण आहे. उद्या शर्यतीला जाणं शक्य दिसत नाही. खरं सांगायचं तर तोंड दाखवायची हिंमत नाही. मामांची शेवटची चढण आणि ती मी घालवली. साडूने हळूच करून दिला असता. हे लिहायला नको होतं. शाईचं आहे, पुसता येत नाही.

सायंकाळी ६.१५. मिस्त्रीचा फोन! इंजिन सुरू झालं! पहिल्या सेल्फला! म्हणतो, तुमचा कॅम बसला, काय खेचते गाडी, मामा लहान मुलासारखे चक्कर मारून आले. मी विचारलं, माझा कॅम? म्हणाला, हो, टोकाला तुमचीच खूण आहे की, गोलातला त्रिकोण.

म्हणजे! म्हणजे मी म्हणत होतो तेच! कॅम मुळात बरोबरच होता. याच म्हाताऱ्याने उलटा बसवला होता. कॅम उलटा बसूच शकत नाही हे खरं आहे, पण हा मिस्त्री काहीही करू शकतो.

ताप उतरला.

१८ मे, रविवार

आज काय लिहू आणि काय नको!

मामांची गाडी चढणीवर अशी गेली, अशी गेली की खालच्या वळणावरचे लोक टाळ्या वाजवायला हात उचलेपर्यंत ती वर पोचली होती. स्टॉपवॉचवाल्याने दोनदा पाहिलं. त्यांच्या स्वतःच्या चौदा वर्षांतली सगळ्यात चांगली वेळ. जुन्या चार सिलिंडरच्या गटात पहिली! मामा खाली उतरले तेव्हा डोळे ओले होते. सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवला. अठरा वर्षं झाली लग्नाला, पहिल्यांदाच. हात बराच वेळ ठेवला.

क्लबच्या सेक्रेटरीने दोन शब्द बोलायला सांगितले. अकरा मिनिटं बोललो. म्हटलं, कॅम हे पुस्तक वाचून येणारं काम नाही. फायली सरकवणाऱ्या हाताला लोखंडाची भाषा कळत नाही. काही लोकांच्या कॅमवर खड्डे असतात, नावं घेत नाही. लोक हसले. साडू तिसऱ्या रांगेत होता. त्यानेही टाळ्या वाजवल्या, सगळ्यांत शेवटी थांबला. डोळे तांबारलेले होते, झोप झालेली दिसत नव्हती. जागरण कशाने होतं ते मला बरोबर ठाऊक आहे. मी गेली चार वर्षं करतोय.

बायको घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. भारावली असेल.

२० मे

सकाळी चालायला गेलो! गुडघ्याचं नावही नाही.

क्लबमधून फोन चालू आहेत. आठ जणांना कॅम हवाय, अगदी तोच, मामांच्या गाडीतला. सर म्हणाले मला. दोघं जण म्हणाले.

पंच ड्रॉवरमध्येच सापडला. मिस्त्रीवर उगाच संशय घेतला.

२५ मे, रविवार

सासऱ्यांकडे जेवण. हात धुतल्यावर मामांनी गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. म्हणाले, माझं चालवणं संपलं, ज्याच्या कामावर ती शेवटची चढली त्याच्याकडे तिने राहावं. आणि किल्ली माझ्याकडे सरकवली. माझ्याकडे!

मी उचलली. साडूकडे पाहिलं. तो म्हणाला, योग्य घरी जातेय. बायको उठून स्वयंपाकघरात गेली. ताई तिच्या मागे गेली. आतून भांडी जोरजोरात ठेवल्याचे आवाज.

गाडी स्वतः चालवत घरी आणली. ओळखीची घरं असलेल्या सगळ्या गल्ल्यांतून आणली. आयुष्यात दुसरं काही नको.

२९ मे

दुपारी मिस्त्री आला. एक भुवई अजून उगवायची आहे. हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी. म्हणाला, हा तुमचा पहिला, उलटा कापलेला, गॅरेजमध्ये पडून होता, न्या परत.

उघडलं. चकचकीत. तोंड दिसतं त्यात. टोकाला गोलातला त्रिकोण.

मग गाडीत कोणता आहे?

बायको संध्याकाळी भाजी निवडत बसली होती. विचारलं. तिने मान वर केली नाही. म्हणाली, ताईच्या यजमानांनी केला. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. वही मीच नेली, पंच मीच नेला, झालेला कॅम मिस्त्रीकडे तुमचा म्हणून मीच पोचवला. वही बघताच ते म्हणाले, आकडे बरोबर आहेत, फक्त मागून मोजून पुढून कापलेत. स्वतःचा एक तयार कॅम फळीवर होता, तो द्या म्हणून ताई मागे लागली होती. ते नाही म्हणाले. मामांनी धाकट्यांना सांगितलंय, तर धाकट्यांच्याच आकड्यांचा जाईल. आकडे फक्त उलटे घेतले आणि दोन दशांश जास्त तसेच ठेवले. म्हणाले, ही कल्पना चांगली आहे. आणि कोणालाही सांगायचं नाही म्हणून दोघींकडून शब्द घेतला.

मी म्हटलं, बघ, म्हणजे आकडे माझेच ना! ती म्हणाली, आकडे कोणाच्या कॅमचे होते?

मी भाजीची एक जुडी ओढून निवडायला घेतली.

मग मला एकदम आठवलं. विचारलं, वही त्यांनी सगळी वाचली? ती म्हणाली, सगळी. एका पानावर जरा थांबले. लाल शाईवर. हसले थोडे. मग चिठ्ठीवर लिहून घेतलं, सहावा उंचवटा, एकशे चौदा अंश. म्हणाले, यांनी दाखवलं म्हणून कळलं, आता प्रत्येक कॅमचा तपासत जाईन.

आणि त्यानंतर तो तिसऱ्या रांगेत बसून माझी अकरा मिनिटं ऐकत होता.

३० मे

चहा किती झाले मोजले नाहीत.

त्याच्या कॅमचा हेवा केला. कव्हरचा केला, सर म्हणण्याचा केला. आता त्याच्या चांगुलपणाचाही करायचा? एकट्या माणसाने करायचा तरी किती?

निर्णय. उद्या गाडी घेऊन त्याच्या दारात जायचं. सगळं सांगायचं. किल्ली त्याच्या हातात ठेवायची आणि मग दोघांनी मिळून मामांकडे जायचं. ठरलं. आता माघार नाही. मन हलकं झालं. खरंच झालं.

३१ मे

सकाळी दहाला साडूच्या दारात. हॉर्न वाजवायच्या आधीच तो बाहेर आला, आवाजावरून ओळखलं म्हणे. हात पुसत आला आणि बॉनेटपाशी कान नेऊन उभा राहिला. डोळे मिटले. मी इंजिन बंद करणार होतो, त्याने हाताने खूण केली, राहू द्या. चार-पाच मिनिटं तसाच उभा होता. आपलं मूल दुसऱ्याच्या घरी कसं आहे ते बघायला आल्यासारखा.

मी सुरुवात केली. म्हटलं, एक बोलायचं होतं. तो म्हणाला, बोला ना. मी म्हटलं, ऑइल कोणतं घालू?

त्याने नीट सांगितलं. वर लिहूनही दिलं. मी म्हटलं, ते आठ कॅमही करायचे आहेत क्लबचे. तो म्हणाला, आपण दोघं मिळून करू, तुमची खूण ठोकू. मी हो म्हटलं. किल्ली गाडीलाच होती. काढली असती तर इंजिन बंद पडलं असतं, म्हणून काढली नाही.

मग त्याने हळूच विचारलं, एक चक्कर मारायची का. वीस वर्षं झाली म्हणे या घरात येऊन, या गाडीत पुढच्या सीटवर कधी बसलो नाही. मी म्हटलं, बसा की. बसला. सीटवरून हात फिरवला, डॅशबोर्डवरून फिरवला. गावाबाहेरच्या जलाशयापर्यंत जाऊन आलो. जाताना नुसता इंजिन ऐकत होता. चढावर गाडीने खेचलं तेव्हा त्याचा उजवा पाय आपोआप दाबला गेला, तिकडे ॲक्सिलरेटर नसताना.

परत दारात सोडला. उतरून त्याने दार इतकं अलगद लावलं की नीट बंदच झालं नाही. मला पुन्हा उघडून लावावं लागलं.

विचारायला हवं होतं, चालवता का म्हणून. एवढंच. दोन शब्द. येताना रस्ता मोकळा होता, वेळही होता, तो नाही म्हणाला नसता. तोंडाशी आलं होतं.

मी गिअर टाकला. आरशात दिसत होता, वळण येईपर्यंत फाटकाशी उभा, कान या बाजूला करून.

१ जून, रविवार

सकाळी गाडी पुसली. पहिल्या सेल्फला सुरू झाली. बायको दारात येऊन म्हणाली, आज ताईकडे जेवायला जायचंय, घेऊन जाऊ या का हिला?

मी म्हटलं, नको, ऊन फार आहे. बसने जाऊ.